रंगमंचावर कोण दिसत नाही? वऱ्हाडच्या तरुण नाटकाकडे संशोधक म्हणून बघताना

पीएच.डी.च्या प्रवेशासाठी लिहिलेले संशोधन आराखडे चाळले, तर एक वाक्य हमखास सापडतं: 'वंचित घटकांना मुख्य प्रवाहात आणण्यासाठीच्या उपाययोजनांचा अभ्यास.' वाक्य चांगल्या मनाने लिहिलेलं असतं, पण त्यात एक गृहीतक लपून बसलेलं असतं. प्रवाह एकच आहे, तो आपल्याकडे आहे आणि बाकीचे काठावर उभे आहेत, असं ते गृहीतक. आराखडा लिहिताना पहिलं काम म्हणजे असं गृहीतक पकडून समोर ठेवायचं आणि ते तपासायचं. आज हेच आपण एका उदाहरणावर करून बघू. उदाहरण आपल्याच भागातलं आहे: अमरावती-अकोल्याची तरुण मुलांची रंगभूमी, आणि तिच्यावर कोण दिसतं, कोण दिसत नाही हा प्रश्न.

तुम्ही म्हणाल, विज्ञानाच्या मुलीने नाटकाच्या इतिहासात कशाला पडायचं? पडायचं, कारण इथला घोळ आम्हाला चांगला ओळखीचा आहे.

रस्त्याकडेची झाडं

वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करताना एक गोष्ट शिकवतात. जुन्या नोंदी बघून एखादी वनस्पती कुठे कुठे आढळते याचा नकाशा काढला, की ठिपके रस्त्यांच्या कडेने दाट दिसतात. याचा अर्थ झाडं रस्त्याकडेलाच उगवतात असा नाही. नमुने गोळा करणारे रस्त्याने गेले, एवढाच त्याचा अर्थ. ज्याची नोंद नाही ते अस्तित्वातच नाही, असं मानलं की सगळा अभ्यास वाकडा होतो.

आता हा नकाशा वऱ्हाडच्या नाटकाला लावून बघा. १८६७ मध्ये लोहमार्ग भुसावळहून वऱ्हाड ओलांडून नागपूरपर्यंत पोहोचला. शेगाव, अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा ही स्टेशनं कापसाच्या बाजाराला जोडली गेली. कापसाचा पैसा होता, जायला-यायला गाडी होती, म्हणून नाटक मंडळ्याही याच वाटेने वऱ्हाडात आल्या. त्यांच्या खेळांच्या जाहिराती छापल्या गेल्या, नटांनी आठवणी लिहिल्या, परीक्षणं आली. मराठी नाटकाचा लिखित इतिहास याच कागदांवर उभा आहे. म्हणजे तो बराचसा रुळांच्या कडेने लिहिलेला इतिहास आहे.

रुळांपासून लांब काय चाललं होतं? गावात दंडार होती, गोंधळ होता, भजनी मंडळं होती. मेळघाटात कोरकू लोकांचे होळीचे दिवस, फगवा आणि गदली-सुसून नाच होता. यातल्या कशाचंही तिकीट नव्हतं. तिकीट नाही म्हणून हिशेबाची वही नाही, वही नाही म्हणून कागद नाही. आणि कागद नाही म्हणून आपल्या पाठ्यपुस्तकातल्या 'नाटक' नावाच्या प्रकरणात त्यांना जागा नाही. फार तर 'लोककला' नावाच्या वेगळ्या प्रकरणात दोन परिच्छेद मिळतात. लक्षात घ्या, इथे कुणी कट केलेला नाही. नोंद करायची पद्धतच तशी होती. पण परिणाम व्हायचा तो झालाच.

१९२७ची अमरावती

एक वर्ष धरून त्यात खोल जाणं ही इतिहासाची चांगली युक्ती आहे. आपण १९२७ धरू.

त्या वर्षी वीर वामनराव जोशी यांचं 'रणदुंदुभी' रंगभूमीवर आलं. वामनराव अमरावतीचे, स्वातंत्र्य चळवळीत तुरुंग भोगलेले. त्यांचं हे नाटक बलवंत संगीत मंडळीने केलं आणि मास्टर दीनानाथांच्या गाण्यांनी ते महाराष्ट्रभर गाजलं. अमरावतीच्या नाट्यइतिहासावर कुणीही चार ओळी लिहिल्या, तर त्यात हे येतंच. यायलाच हवं.

त्याच वर्षी १३ नोव्हेंबरला अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरमध्ये वऱ्हाड प्रांतिक अस्पृश्य परिषद भरली. अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. अंबादेवीच्या देवळात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा, हा तिथला ज्वलंत प्रश्न होता. डॉ. पंजाबराव देशमुख या लढ्यात पुढे होते. राजकीय इतिहासात ही परिषद ठळक नोंदलेली आहे. नाट्यइतिहासात मात्र तिचं नाव तुम्हाला मिळणार नाही. साहजिकच आहे, तिथे नाटक झालंच नव्हतं.

पण संशोधक म्हणून इथे थोडं थांबा. देवळाचं दार बंद असलेली माणसं त्या दिवशी थिएटरात बसली होती. एरवी त्या खुर्च्यांवर तिकीट काढून त्यातले किती जण बसू शकत असतील? रंगमंचावर किती जण चढू शकत असतील? आणि ज्या माणसाला थिएटरात जाता येतं, पण फक्त सभेपुरतं, त्याचं नाटकाशी नातं काय म्हणायचं? हे प्रश्न 'रणदुंदुभी'च्या परीक्षणातून सुटणार नाहीत. त्यासाठी दुसरे कागद लागतील. उदाहरणार्थ, त्याच वर्षी एप्रिलमध्ये सुरू झालेलं 'बहिष्कृत भारत', परिषदांची वृत्तं, वसतिगृहांच्या नोंदी. एकाच शहराचं एकच वर्ष, पण कागद बदलला की शहर वेगळं दिसायला लागतं.

दार उघडायची वाट कुणी पाहिली?

आता त्या मूळ गृहीतकाकडे येऊ: वंचित लोक नाटकाबाहेर होते आणि त्यांना आत आणायचं आहे. इतिहास याला सरळ 'हो' म्हणत नाही.

सांगलीला १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं, हे तुम्ही शाळेपासून ऐकलं आहे. त्यानंतर बाराच वर्षांनी, १८५५ मध्ये, जोतीराव फुल्यांनी 'तृतीय रत्न' लिहिलं. तेव्हा ते अठ्ठावीस वर्षांचे होते, म्हणजे आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या वयाचे. एका गरीब कुणबी जोडप्याला जोशी कसा नाडतो, आणि शेवटी ते नवराबायको शिकायचं ठरवतात, अशी गोष्ट. मधे मधे विदूषक येऊन प्रेक्षकाला जागं ठेवतो. नाटक दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठवलं गेलं. कमिटीने ते स्वीकारलं नाही. ते छापून लोकांसमोर यायला १९७९ उजाडलं. म्हणजे जवळपास सव्वाशे वर्षं एक सामाजिक नाटक 'उपलब्ध नव्हतं'. ते लिहिलं गेलं नव्हतं असं मात्र नाही. निवड समितीच्या टेबलावर अडकलेल्या नाटकांचा इतिहास तिथूनच सुरू होतो.

पुढे सत्यशोधकांनी वेगळा मार्ग काढला. त्यांनी कुठल्या कमिटीकडे अर्ज केला नाही, तमाशाचा साचाच उचलला. गण, गौळण, वग ही रचना लोकांना पाठ होती. त्यात आशय बदलला, की निरक्षर माणसापर्यंतही विचार पोहोचतो. १९३०च्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांच्या सोबत्यांनी आंबेडकरी जलसे गावोगाव नेले. गौळणीतली छेडछाड गेली, तिथे शिक्षण, पाणवठा, सावकारी, सभांचं निमंत्रण आलं. हे करणारे बहुतेक तरुण होते. कर्डकांनी १९७८ मध्ये या जलशांवर पुस्तक लिहिलं म्हणून आपल्याकडे आज काहीतरी हातात धरायला आहे. ज्या जलसा मंडळांतल्या कुणीही लिहून ठेवलं नाही, ती सगळी रस्त्यापासून लांबची झाडं.

तिसरा टप्पा कॉलेजचा. १९५० मध्ये औरंगाबादला पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं महाविद्यालय सुरू झालं, तेच पुढचं मिलिंद महाविद्यालय. प्रा. म. भि. चिटणीसांचं 'युगयात्रा' तिथल्या विद्यार्थ्यांनी १९५५ मध्ये बाबासाहेबांसमोर केलं. नंतर ऑक्टोबर १९५६ मध्ये नागपूरच्या धम्मदीक्षेच्या वेळी तेच नाटक अफाट जनसमुदायापुढे झालं. कॉलेजच्या स्नेहसंमेलनातलं नाटक एवढ्या लोकांनी पाहिल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. आणि ते करणाऱ्यांपैकी अनेकांच्या घरात शिकणारी ती पहिलीच पिढी होती.

चौथा टप्पा स्पर्धांचा. प्रेमानंद गज्वी मूळचे विदर्भातले, चंद्रपूरकडचे. १९७७च्या सुमाराची त्यांची 'घोटभर पाणी' ही एकांकिका म्हणजे मोजकी पात्रं, नेपथ्य जवळजवळ शून्य. विषय पाण्याचा आणि शिवाशिवीचा. म्हणूनच ती कुठल्याही कॉलेजला, कुठल्याही वस्तीत करता आली. दोन वर्षांनी, १९७९ मध्ये, पुण्यात 'दलित रंगभूमी' ही संस्था उभी राहिली. आणि २०१९ मध्ये नागपूरला भरलेल्या नव्व्याण्णवाव्या मराठी नाट्यसंमेलनाचे अध्यक्ष गज्वीच होते.

हे चार टप्पे ओळीने ठेवले की काय दिसतं? प्रत्येक वेळी बाहेर ठेवलेल्यांनी आधी आपला मंच उभा केला. मान्यता मागून आली, कधी चाळीस वर्षांनी, कधी सव्वाशे. म्हणून 'यांना नाटकात कसं आणायचं' हा प्रश्न मी तुमच्या जागी लिहिणार नाही. मी लिहीन: 'यांच्याकडे असलेलं नाटक आपल्या स्पर्धेच्या गाळणीत कुठे अडकतं?' या प्रश्नाचं उत्तर मोजता येतं, हा त्याचा मोठा फायदा.

भाषेची गाळणी

पहिली गाळणी भाषेची. वऱ्हाडी माणूस 'मला' नाही, 'मले' म्हणतो. 'डोळा'चा 'डोया' होतो, 'काळा'चा 'काया'. ग्रिअर्सनच्या भाषासर्वेक्षणाचा मराठीवरचा खंड १९०५चा आहे, त्यातही वऱ्हाडीची स्वतंत्र नोंद आहे. पण मराठी रंगमंचावर ही बोली बहुतेक वेळा कुणाच्या तोंडी येते? गड्याच्या, चोराच्या, नाहीतर हसवणाऱ्या पात्राच्या. नायक दुःखात असला की प्रमाण मराठीत रडतो.

आता गंमत बघा. मराठीतला सर्वांत जुना मोठा गद्यग्रंथ मानलं जाणारं 'लीळाचरित्र' रिद्धपूरला सिद्ध झालं, म्हणजे अमरावती जिल्ह्यातच. तिथे आता मराठी भाषा विद्यापीठ आहे. दुसरं नाव गाडगेबाबांचं. शेंडगावच्या परीट घरात जन्मलेला, शाळेचं तोंड न पाहिलेला हा माणूस समोरच्या हजारो लोकांना वऱ्हाडीत प्रश्न विचारायचा, त्यांच्याच तोंडून उत्तर काढायचा आणि त्या उत्तरावर पुढचं कीर्तन उभं करायचा. प्रेक्षकाला नाटकात ओढणारी रंगभूमी म्हणून आपण ब्राझीलच्या ऑगुस्तो बोआलची 'फोरम' पद्धत वाचतो, त्याचं १९७४चं पुस्तक संदर्भात देतो. जरूर द्या. पण पाच जिल्ह्यांचं आपलं विद्यापीठ ज्यांच्या नावाने चालतं, त्यांची पद्धतही नाट्यशास्त्राच्या नजरेने वाचली पाहिजे की नाही?

वऱ्हाडीचं निदान नाव तरी घेतलं जातं. कोरकूचं काय? धारणी-चिखलदऱ्याकडची ही भाषा मराठीची बोली नाही. ती मुंडा गटातली, वेगळ्याच भाषाकुळातली. घरी कोरकू, शाळेत मराठी, दुकानात हिंदी, अशा तीन भाषांत वाढलेला मुलगा ऑडिशनला येतो आणि 'उच्चार स्वच्छ नाहीत' म्हणून परत जातो. तसंच अकोल्याच्या, बाळापूरच्या, अचलपूरच्या उर्दू माध्यमातून आलेल्या मुलीचं. 'ळ' अडखळला की तिला गर्दीच्या प्रसंगात उभं केलं जातं.

आणि नियम काय म्हणतो? भारतीय विद्यापीठ संघाच्या युवा महोत्सवांत एकांकिका प्रादेशिक भाषेत चालते, फक्त सारांश हिंदी किंवा इंग्रजीत द्यावा लागतो. मूकाभिनयाला तर भाषाच लागत नाही. म्हणजे अडथळा नियमाच्या पुस्तकात नाही. तो त्याच्या बराच आधी आहे, कॉलेजच्या निवडीच्या खोलीत.

वेळ, अंतर आणि तालीम

दुसरी गाळणी वेळेची. तालमी संध्याकाळी होतात. ज्याची शेवटची एसटी साडेपाचची आहे, ज्याला सोयाबीनच्या सोंगणीला किंवा कापूस वेचायला घरी जावं लागतं, जिला अंधार पडायच्या आत घरी पोचायचं असतं, ते सगळे आपोआप गळतात. त्यांना कुणी 'नाही' म्हटलेलं नसतं, तालमीचं वेळापत्रक ते काम करतं. महोत्सव बहुतेक खरिपाच्या धावपळीत येतात, हे वेगळं सांगायला नको. धारणीहून अमरावतीला घाटातून जाऊन यायचं तर दिवसच जातो.

म्हणून वसतिगृहं महत्त्वाची. पंजाबरावांनी १९२०च्या दशकात अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय काढलं, तिथे वेगवेगळ्या जातींची मुलं एकत्र राहायची. मिलिंदच्या परिसरातही वसतिगृहांचं हेच काम होतं. मुलं एका ठिकाणी राहिली की रात्री तालीम होते. नाटकाच्या इतिहासात नाट्यगृहांची नावं येतात, वसतिगृहांची येत नाहीत. तुमच्यापैकी कुणी हा धागा धरला तर एक अख्खा प्रबंध होईल.

ज्यांनी करून दाखवलं

उपायांची नुसती यादी करण्यापेक्षा झालेले प्रयोग बघावेत. ठाण्यात रत्नाकर मतकरींनी समता विचार प्रसारक संस्थेच्या सोबतीने 'वंचितांचा रंगमंच' उभा केला. वस्तीतली मुलं आपल्याच आयुष्यावर नाटिका लिहितात आणि स्वतःच सादर करतात, तयार संहिता हातात दिली जात नाही. जालना जिल्ह्यातल्या जांबसमर्थचे राजकुमार तांगडे आणि त्यांचे सोबती २०१२ मध्ये 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' घेऊन आले. आपली बोली न बदलता ते मुंबई-पुण्याच्या नाट्यगृहांत उभे राहिले आणि लोक ऐकायला आले. अहमदाबादच्या छारानगरात १९९८ मध्ये 'बुधन थिएटर' सुरू झालं. १८७१च्या कायद्याने जन्मतः गुन्हेगार ठरवलेल्या, १९५२ला कागदोपत्री मुक्त झालेल्या समाजातली ही तरुण मुलं. तिथे आधी वाचनालय आलं, मग नाटक. आपल्याकडच्या पारधी बेड्यांवर काम करू पाहणाऱ्यांनी हा क्रम लक्षात ठेवावा.

तिन्हींत एक गोष्ट समान आहे. संहितेवर मालकी मुलांची आहे. आपण बहुतेकदा उलटं करतो: पुण्या-मुंबईत बक्षीस मिळालेली संहिता आणतो, आणि मग तिच्यात बसतील अशी मुलं शोधतो.

तुमच्या आराखड्यासाठी

समजा, हा विषय तुम्ही घेतलाच. तर काही गोष्टी आधीच ठरवून टाका.

एक, छेद कोणता धरणार? २०११च्या जनगणनेत अमरावती जिल्ह्यात अनुसूचित जाती सुमारे साडेसतरा टक्के आणि जमाती सुमारे चौदा टक्के आहेत. अकोल्यात जाती सुमारे वीस आणि जमाती साडेपाच टक्क्यांच्या आसपास. पण नाटकाच्या संघाची तुलना थेट या आकड्यांशी करू नका. आधी कॉलेजच्या प्रवेशाशी करा, मग ऑडिशनला आलेल्यांशी, मग निवडलेल्यांशी, शेवटी मुख्य भूमिका मिळालेल्यांशी. गळती कोणत्या पायरीवर आहे ते तेव्हाच कळतं. प्रवेशावरच आकडा घसरत असेल तर दोष नाट्यविभागाचा नाही. निवडीनंतर घसरत असेल तर मात्र आहे.

दोन, आडनावावरून जात ठरवायची नाही. ते चुकीचंही आहे आणि अपमानकारकही. विचारा, संमती घ्या, आणि 'सांगायचं नाही' हेही उत्तर म्हणून नोंदवा.

तीन, मंचावरच्यांना भेटाल तेवढंच मंचावर न पोहोचलेल्यांना भेटा. विजेत्या संघाच्या मुलाखती सहज मिळतात, त्या रस्त्याकडेच्या नोंदी आहेत. ऑडिशन देऊन परत न आलेली मुलगी शोधायला महिना लागेल. तुमच्या प्रबंधातलं नवं असं जे काही असेल, ते बहुधा तिच्याकडे असेल.

चार, जुने कागद आत्ताच गोळा करा. ज्यांनी १९७०-८०च्या दशकांत अकोल्या-अमरावतीच्या कॉलेजांतून एकांकिका केल्या, ते आज साठी-सत्तरीत आहेत. हस्तलिखित संहिता माळ्यावर आहेत, वाळवी लागते आहे. भित्तिपत्रकं, तालमीच्या वह्या, जलशाचे पोवाडे लिहिलेली शाळेची दोनशेपानी वही, हे कुठल्याही ग्रंथालयात नाही. घरी जाऊन, बसून, चहा घेऊन, परवानगी घेऊन फोटो काढावे लागतील. सांगणारा वऱ्हाडीत सांगेल. ते लिहून घेताना 'शुद्ध' करू नका. तो 'मले' म्हणाला तर 'मले'च लिहा, कारण तिथे बोली हाच तुमचा डेटा आहे.

प्रवेशाच्या मुलाखतीत तुम्हाला विचारतील की याचा उपयोग काय. तेव्हा 'समाजाला फायदा होईल' असं मोघम बोलू नका. सांगा की पायरीनिहाय गळती कळली, तर कॉलेजला तालमीची वेळ बदलायची, एसटीचे पैसे द्यायचे, की परीक्षकांशी भाषेबद्दल बोलायचं, यातलं आधी काय करायचं ते ठरवता येतं. पुढचा युवा महोत्सव यायच्या आधी, एका कॉलेजपुरतं का होईना, हे करून बघता येईल. गेल्या पाच वर्षांच्या ऑडिशनच्या याद्या मिळतात का, तिथून सुरुवात करा. यादीच ठेवलेली नसेल, तर तेही लिहून ठेवा. तुमची पहिली नोंद तीच.